बिज्वेल्ड म्हणजे नेमकं काय, आणि तो शब्द कुठं लावायचा, कुठं नाही

आमच्या मामांचं पैठणला साड्यांचं छोटं दुकान आहे. आता सगळा धंदा मोबाईलवर आल्यामुळं साड्यांचे फोटो टाकायचे आणि त्याखाली इंग्रजीत चार ओळी लिहायच्या हे काम माझ्या गळ्यात पडलंय, कारण काय तर घरात इंग्रजीत एम.ए. केलेली मी एकटीच. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी एका जांभळ्या पैठणीखाली मी मोठ्या थाटात लिहिलं, 'बिज्वेल्ड पैठणी विथ पीकॉक पल्लू'. मला वाटलं, जर चमकतीय, पदर झगमगतोय, दिसायला श्रीमंत आहे, मग बिज्वेल्डच की. अमेरिकेतल्या एका मराठी ताईंनी साडी घेतली, आणि पार्सल पोचल्यावर मेसेज केला की साडी सुंदर आहे पण याच्यावरचे खडे कुठंयत, मी खडे बघून मागवली होती. फोटोत जरीवर उजेड पडून जे चमकत होतं ते त्यांना खडेच वाटले, आणि वर माझा शब्द होताच साक्षीला, कारण बिज्वेल्ड म्हणजे खडे, रत्नं जडवलेलं. साडी परत आली, येण्याजाण्याचा कुरिअरचा खर्च मामांच्या डोक्यावर. मामा रागावले नाहीत, फक्त चष्म्यावरून बघत म्हणाले, "कामून गं, आपण खडे कधी लावलेत पैठणीला?"

तेव्हापासून हा एक शब्द मी नीट धरून ठेवलाय, आणि आता तो कसा ओळखायचा, कसा म्हणायचा, कुठं वापरायचा हे एकेक करून सांगते. दुकानवाल्यांना उपयोग होईल, पोरांना निबंधाला होईल, लग्नाच्या अल्बमखाली कॅप्शन लिहिणाऱ्यांना तर नक्कीच होईल.

आधी तोंडात बसवा

बहुतेक जण याला 'बेज्वेल्ड' म्हणतात, ते सोडा. सुरुवात 'बि' अशी, ऱ्हस्व आणि हलकी, जोर सगळा मधल्या 'जू'वर, आणि शेवटी 'अल्ड' असं पटकन गुंडाळून टाकायचं. बि-जू-अल्ड. आपल्याकडं ज दोन आहेत हे लक्षात ठेवा, इथं 'जीव'मधला ज हवा, 'जावई'मधला नको, जावयाचा ज लावला की शब्द पार बिघडतो. मराठीत लिहिताना मात्र बिज्वेल्ड असंच लिहितात सगळे, मीही तसंच लिहितेय, फक्त बोलताना जीभ जरा सैल सोडा.

स्पेलिंगचा घोळ वेगळाच. ब्रिटिश पद्धतीत बी-ई-जे-ई-डब्ल्यू-ई, मग दोनदा एल, मग ई-डी. अमेरिकेत एल एकदाच. ट्रॅव्हलिंगमध्ये जसं ब्रिटिश लोक एल डबल करतात आणि अमेरिकन करत नाहीत तसंच हे. आपल्या शाळा-कॉलेजात ब्रिटिश पद्धत चालते म्हणून पेपरात डबल एल लिहा, पण तुमचं गिऱ्हाईक अमेरिकेतलं असेल तर एक एल लिहिलेलं बरं, ते सर्च करताना तसंच टाइप करतात. मोबाईलवर रंगीत हिरे जुळवायचा जो जुना गेम आहे बिज्वेल्ड नावाचा, त्याच्या नावात एकच एल आहे कारण ती कंपनी अमेरिकन, आणि आमच्या घरातल्या सगळ्या पोरांनी स्पेलिंग त्या गेमवरून शिकलंय, मग परीक्षेत सर लाल रेघ मारतात. दोन्ही बरोबर आहे, फक्त एका लेखात एकच ठेवा.

मग शब्द फोडून बघा

मधला शब्द ज्वेल, म्हणजे रत्न. तो इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आलाय. पुढं 'बि' लागलाय आणि मागं 'ईडी'. हा 'बि' कामाचा आहे, इंग्रजीत तो 'सगळ्या बाजूंनी, वरून, अंगभर' असा भाव आणतो. स्पेक्टॅकल्स म्हणजे चष्मा, बिस्पेक्टॅकल्ड म्हणजे चष्मा लावलेला माणूस. विग म्हणजे केसांचा टोप, बिविग्ड म्हणजे टोप घातलेला. तसं ज्वेल्स अंगावर आहेत तो बिज्वेल्ड. म्हणजे ज्याच्यावर काहीतरी चढवलंय असा हा शब्द आहे, रत्नं वरून आलेली आहेत आणि खाली दुसरी एखादी वस्तू किंवा माणूस आहे.

ही गोष्ट डोक्यात बसली की अर्धी लढाई संपते. हिरा स्वतः ज्वेल आहे, म्हणून 'बिज्वेल्ड डायमंड' म्हणणं म्हणजे 'गूळ घातलेला गूळ' म्हणण्यासारखं. निजामाच्या खजिन्यातला जेकब डायमंड आठवा, १८४.७५ कॅरेटचा, शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान तो टेबलावर कागद उडू नयेत म्हणून पेपरवेटसारखा ठेवायचे. एवढा मोठा हिरा पण बिज्वेल्ड नाही, कारण त्याच्यावर काही जडवलेलंच नाही. उलट त्याच संग्रहातला रत्नांनी मढवलेला कंबरपट्टा बिज्वेल्ड. केंद्र सरकारनं १९९५ साली निजामाचे १७३ दागिने साधारण २१८ कोटींना घेतले, आणि आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत त्याच राज्यात होता, तेव्हा उदाहरण घरचंच समजा.

नेकलेसलाही मी बिज्वेल्ड लावत नाही शक्यतो. दागिना मुळात दागिनाच आहे, त्याला 'दागिने घातलेला' कसं म्हणणार. काही लोक लिहितात, चूक म्हणता येत नाही, पण कानाला खटकतं. तिथं 'जेम-सेट नेकलेस' किंवा 'रुबी नेकलेस' सरळ आणि स्वच्छ.

मराठीत याला काय म्हणायचं

डिक्शनरी उघडायच्या आधी गणपतीची आरती आठवा. 'रत्नखचित फरा' आणि पुढं 'हिरेजडित मुकुट', लहानपणापासून टाळ्या वाजवत म्हणतोय आपण, आणि आरती कुणाची तर जालना जिल्ह्यातल्या जांबच्या समर्थ रामदासांची, म्हणजे इथलीच. या दोन शब्दांत एक बारीक फरक आहे तो बघा. रत्नखचित म्हणजे रत्नं जडवलेला, कुठली रत्नं ते सांगितलं नाही. हिरेजडित म्हणजे नेमके हिरे. बिज्वेल्ड हा रत्नखचित आहे, हिरेजडित नाही. तो कुठला खडा ते कधीच सांगत नाही, फक्त जडजवाहीर आहे एवढंच सांगतो. हिरेजडित म्हणायचं असेल तर 'डायमंड-स्टडेड' म्हणा, किंवा मागं 'विथ' लावून खडे सांगा, 'बिज्वेल्ड विथ डायमंड्स अँड पर्ल्स'. इथं 'विथ'च लावायचा, 'बाय' नको, 'बाय' लावलं की हिऱ्यांनी स्वतः उठून कुणाला तरी सजवलं असं वाटतं.

वस्तूला लावताना: खडे आहेत का, बाहेरून दिसतात का

वस्तूला बिज्वेल्ड लावायचा असेल तर मी स्वतःला दोन प्रश्न विचारते. एक, त्याच्यावर खडे, रत्नं, मोती असं काही खरोखर आहे का. दोन, ते बाहेरून डोळ्याला दिसतंय का आणि बऱ्यापैकी आहे का. दोन्हीला हो आलं तरच.

पहिल्या प्रश्नात पैठणी नापास होते. पैठणीचा मोर, बांगडी मोर, मुनिया, असावली, हे सगळं मागावर विणलेलं असतं, रेशीम आणि जर, खडा कुठंच नाही. हातमागाची खरी पैठणी उलटी करून बघा, मागच्या बाजूनंही नक्षी जवळजवळ तशीच दिसते, धागे लोंबत नाहीत, कारण चिकटवलेलं किंवा वरून टाचलेलं काहीच नसतं त्यात. मामा गिऱ्हाइकाला हेच करून दाखवतात, पदर उलटा करून हातावर पसरतात आणि गप्प बसतात, मग गिऱ्हाईकच बोलायला लागतं. अशा साडीला 'हँडवोव्हन', 'रिचली वोव्हन', 'विथ झरी बॉर्डर' हे शब्द आहेत. संभाजीनगरच्या हिमरू शालीलाही तेच, विणकाम आहे, जडावकाम नाही.

पण त्याच पैठणीवर हल्ली जे ब्लाऊज शिवतात, आरी वर्क करून बाहीवर आणि पाठीवर कुंदन, मोती, खडे लावतात, त्या ब्लाऊजला तुम्ही बिज्वेल्ड म्हणू शकता. 'हँडवोव्हन पैठणी विथ अ बिज्वेल्ड ब्लाऊज', हे एकदम बरोबर. फक्त खडे काचेचे असतील तर मी तरी तसं लिहीत नाही. ज्वेल म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोक्यात खरं रत्न येतं, आणि गोष्टीत, निबंधात काही फरक पडत नाही पण विकायच्या वस्तूखाली पडतो. 'क्रिस्टल वर्क', 'स्टोन वर्क', 'अमेरिकन डायमंड' असं जे आहे ते लिहा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर कारवाईची तरतूद आहे, ते राहू द्या, पण एकदा परत आलेलं पार्सल फोडून साडी पुन्हा घडी घालायला बसा म्हणजे कळेल.

निव्वळ सोनंही पहिल्या प्रश्नात नापास. सोन्याचा कळस बिज्वेल्ड नाही. सोन्याचा मुलामा दिलेली मूर्ती 'गिल्डेड' किंवा 'गोल्ड-प्लेटेड', बिज्वेल्ड नाही. चांदीची मखर कितीही नक्षीदार असली तरी ती 'ऑर्नेट'.

आणि कुणाचाच वाद होणार नाही असं उदाहरण हवं असेल तर इंग्लंडच्या राजाचा इम्पीरियल स्टेट क्राऊन घ्या. २,८६८ हिरे, २६९ मोती, १७ नीलम, ११ पाचू आणि ४ माणकं. याला बिज्वेल्ड नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं.

माणसाला लावताना नियम बदलतो

इथं लोकं अडकतात, मीही अडकले होते, म्हणून जरा थांबून सांगते. वस्तूला खडे लागतात, पण माणसाला लागत नाहीत. माणसाच्या बाबतीत बिज्वेल्ड म्हणजे 'भरपूर दागिने घातलेला', मग ते दागिने निव्वळ सोन्याचे असले तरी चालतं.

माझ्या आजीचं उदाहरण देते. तिच्याकडं बोरमाळ, पुतळ्यांची माळ, हातात गोठ आणि पाटल्या, सगळं पिवळंधमक, खडा म्हणाल तर फक्त नथीतला एक. आता गोठ एकटा टेबलावर ठेवला तर तो बिज्वेल्ड नाही, बोरमाळ नाही, पुतळ्यांची माळपण नाही. पण हेच सगळं घालून आजी मामाच्या लग्नात मांडवात बसलेली तो फोटो आहे ना, त्याच्याखाली 'माय बिज्वेल्ड ग्रँडमदर' लिहिलं तर अगदी बरोबर. कारण माणसाच्या अंगावर दागिना हाच ज्वेल धरला जातो, आणि गोठाच्या अंगावर मात्र दुसरं काहीच नाही. परत तोच 'बि'चा हिशोब, कशावर काय चढवलंय ते बघायचं.

संक्रांतीला नव्या नवरीला काळी साडी नेसवून हलव्याचे दागिने घालतात, तिला बिज्वेल्ड म्हणावं का असं मला एका मैत्रिणीनं विचारलं. मी म्हटलं गमतीत म्हण की, फक्त 'बिज्वेल्ड इन शुगर' असं पुढं जोड, म्हणजे वाचणाऱ्याला हसू पण येईल आणि फसल्यासारखं पण वाटणार नाही.

मूर्तीचं आणि चित्राचं माणसासारखंच. अजिंठ्याला गेलात तर पहिल्या नंबरच्या लेण्यात हा शब्द डोळ्यांनी बघता येतो. आत गाभाऱ्याच्या दाराच्या डावीकडं भिंतीवर रंगवलेला पद्मपाणि, हातात कमळ, डोक्यावर उंच मुकुट, गळ्यात मोत्यांचा सर. उजवीकडं वज्रपाणि, तो तर आणखी नटलेला. इंग्रजी पुस्तकांत यांना 'बिज्वेल्ड बोधिसत्त्व' म्हणतात. आणि मधे गाभाऱ्यात बुद्ध बसलेले आहेत, अंगावर एक दागिना नाही. बोधिसत्त्व राजपुत्रासारखे सजलेले दाखवतात आणि बुद्धांनी सगळं सोडून दिलेलं, म्हणून तिघं शेजारीशेजारी असून बिज्वेल्ड हा शब्द दोघांनाच लागतो. आम्ही कॉलेजच्या ट्रिपला गेलो तेव्हा तिथं अंधारात गाईड काका हळूहळू लाइट फिरवून एकेक दागिना दाखवत होते, आणि मी मागं उभी राहून डब्याचा विचार करत होते. आता जाते तेव्हा नीट बघते.

तुळजाभवानी आणि शब्दाचा सूर

हा शब्द कुठल्या सुरात बोलला जातो तेही कळायला हवं. बिज्वेल्डमध्ये कौतुक असतं पण कधीकधी बारीक चिमटाही असतो. ते मघाचे चष्मेवाला, टोपवाला शब्द बघा, 'बि' लावून माणसाचं असं वर्णन केलं की त्यात थोडी गंमत, थोडी टिंगल येतेच. एखाद्या बाईला इंग्रजीत 'हेविली बिज्वेल्ड' म्हटलं की त्याचा अर्थ छान नटलेली असाही होतो आणि 'अगं काय सराफाचं दुकान घालून आलीस' असाही. पुढचं-मागचं वाक्य बघितल्याशिवाय कळत नाही.

म्हणून देवीदेवतांच्या बाबतीत मी जपून वापरते. नवरात्रात तुळजापूरला भवानी आईची अलंकार पूजा मांडतात, रथ अलंकार, मुरली अलंकार, शेषशायी, भवानी तलवार, महिषासुरमर्दिनी. त्या फोटोखाली 'द बिज्वेल्ड गॉडेस' लिहिलं तर व्याकरणात काही चूक नाही, पण त्यापेक्षा 'द गॉडेस अडॉर्न्ड विथ ज्वेल्स' म्हटलं की त्यात हात जोडलेले दिसतात. अडॉर्न शब्दात आदर आहे. बिज्वेल्डमध्ये श्रीमंती आहे, आदर वेगळा आणावा लागतो. आपल्या मराठीतही 'दागिन्यांनी लदलेली' आणि 'अलंकारांनी सजलेली' यात हाच फरक आहे, देवीला कुणी लदलेली म्हणेल का.

ऑफिसच्या मेलमध्ये, सरकारी अर्जात हा शब्द नकोच. तो गोष्टीचा, बातमीचा, फॅशनचा, कॅटलॉगचा शब्द आहे. विम्याच्या कागदावर 'सोन्याची अंगठी, त्यात एक माणिक' असं साधं लिहायचं, तिथं झगमगाट करून उपयोग नाही.

याचे भाऊबंद, आणि बाजरीची भाकरी

स्टडेड, एन्क्रस्टेड, इनलेड, एम्बेलिश्ड, बिडेक्ड हे सगळे आजूबाजूचेच, आणि लोक एकाच्या जागी दुसरा टाकतात.

स्टडेड आणि एन्क्रस्टेड मी भोगीच्या भाकरीवरून समजावते. बाजरीच्या भाकरीला वरून तीळ लावतात ना. कुणी घाईत चिमूटभर टाकते, एक इथं एक तिथं, तीळ मोजता येतात, भाकरी सगळी दिसते, ती स्टडेड. आणि कुणी परातीत तीळ पसरून भाकरी त्याच्यावरच थापते, की वरून बघितलं तर भाकरी दिसतच नाही, नुसते तीळ, ती एन्क्रस्टेड. क्रस्ट म्हणजे कवच, थर, खपली. म्हणून एन्क्रस्टेड शब्द चिखलाला पण चालतो, मीठ साचलेल्या पाइपला पण चालतो. बिज्वेल्ड चिखलाला चालत नाही, तो रत्नांपुरताच. आणि बिज्वेल्ड तीळ किती दाट ते सांगत नाही, फक्त तीळ आहेत म्हणतो. दाट सांगायचं असेल तर 'हेविली', 'रिचली', 'लॅव्हिशली' असं काहीतरी पुढं लावावं लागतं. 'व्हेरी बिज्वेल्ड' मात्र नको, ते आपलं 'लई रत्नखचित' म्हटल्यासारखं होतं.

इनलेड म्हणजे पृष्ठभागात खोदून आत बसवलेलं, हात फिरवला तर वर काही लागत नाही. उदगीरवरून बिदर जवळच आहे, तिथलं बिदरी काम बघा, जस्त आणि तांब्याचा धातू, त्यात कोरून चांदीची तार बसवतात, मग बिदरच्या किल्ल्यातली माती वापरून धातू काळा करतात आणि चांदी तेवढी पांढरी उठून दिसते. ते 'सिल्व्हर-इनलेड'. बिज्वेल्ड नाही, एकतर चांदी आहे, खडे नाहीत. माझ्या एका विद्यार्थ्यानं बिदरी फुलदाणीला बिज्वेल्ड लिहिलं होतं आणि मी लाल रेघ मारताना मला जांभळी पैठणी आठवून कसंतरी झालं.

एम्बेलिश्ड हा सगळ्यात सुरक्षित शब्द, त्यात टिकल्या, मणी, लेस, गोंडे काहीही बसतं, काय लावलंय ते नक्की नसेल तर हाच वापरा. बिडेक्ड फुलांना, तोरणांना, पताकांना. मारबत, गणपती, उरूस, मांडव, सगळं बिडेक्ड.

नुसता ज्वेल आला की फसू नका

हा भाग मजेचा आहे. आजोबांचं एच.एम.टी. जनता घड्याळ आहे आमच्याकडं, चावीचं, त्याच्या बाबतीत घरात सगळे सांगायचे की त्याच्यात १७ ज्वेल्स आहेत. लहानपणी मला वाटायचं आजोबा गुपचूप १७ हिरे मनगटावर घेऊन फिरतात आणि कुणाला सांगत नाहीत. एकदा घड्याळ बंद पडलं तेव्हा त्यांच्यासोबत घड्याळजीकडं गेले, त्यांनी मागचं झाकण उघडून डोळ्याला भिंग लावायला दिलं, तर आत बारीक बारीक गुलाबी ठिपके, मोहरीहून लहान. ते कृत्रिम माणकाचे तुकडे असतात, चाकांच्या अक्षांची टोकं त्यांच्यात फिरतात म्हणजे घासून झिजत नाहीत आणि तेल जास्त दिवस टिकतं. म्हणजे ते घड्याळ 'ज्वेल्ड' आहे, पण बिज्वेल्ड नाही. ज्वेल्स आत आहेत, कामाला आहेत, बाहेर मिरवायला नाहीत. डायलच्या भोवती खडे लावलेलं लेडीज घड्याळ मिळतं ते बिज्वेल्ड, आणि त्याच्या आत सेलवर चालणारं मशीन असतं, त्यात एखादाच ज्वेल असतो किंवा तोही नसतो. हा उलटा न्याय मला फार आवडतो.

तसंच 'ज्वेल नेक'. टेलरला कॅटलॉग दाखवून ज्वेल नेक शिवा म्हटलं की काही बायकांना वाटतं गळ्याला खडे लावून मिळणार. तसं काही नाही, ज्वेल नेक म्हणजे मानेच्या पायथ्याशी बसणारा साधा गोल गळा, त्याच्यावर दागिना उठून दिसतो म्हणून ते नाव.

आणि 'ज्वेल-टोन्ड' म्हणजे रत्नासारख्या गडद रंगाचा. पाचूचा हिरवा, माणकाचा लाल, नीलमचा निळा. हा मात्र आम्हा साडीवाल्यांच्या कामाचा शब्द, एक खडा नसताना ज्वेल शब्द प्रामाणिकपणे वापरता येतो. मी आता पैठणीला हाच लावते.

आकाशाला, शेताला लावताना

कवितेत, वर्णनात बिज्वेल्ड खडे नसतानाही येतो, पण एक अट आहे, चमकणारे ठिपके पाहिजेत. नुसतं सुंदर आहे म्हणून नाही. थंडीत सकाळी ज्वारीच्या पानांवर दव पडतं, ऊन आलं की एकेक थेंब पेटतो, ते शेत 'बिज्वेल्ड विथ ड्यू'. अमावस्येला लाइट गेल्यावर गच्चीवरून दिसतं ते आकाश 'बिज्वेल्ड स्काय', आणि आमच्याकडं लाइट जायला अमावस्या लागत नाही. रात्री शहरालगतच्या सातारा डोंगराच्या बाजूनं संभाजीनगर बघितलं की दिव्यांचं शहर बिज्वेल्ड. पण मावळतीचं केशरी आकाश बिज्वेल्ड नाही, तिथं ठिपका नाही, रंग आहे. हिरवंगार शेत बिज्वेल्ड नाही. गुळगुळीत पाणी नाही, लाटांवर उन्हाचे तुकडे नाचत असतील तर आहे. आणि एका वर्णनात एकदाच वापरा, दोनदा आला की तो शब्द जत्रेतल्या खोट्या अंगठीसारखा वाटायला लागतो.

वाक्यात बसवताना

नामाच्या आधी येतो, 'अ बिज्वेल्ड सोर्ड'. क्रियापदानंतरही येतो, 'हर हँड्स वेअर बिज्वेल्ड'. आधी 'अ' लागतो, 'ॲन' नाही, कारण सुरुवात ब ची. 'बिज्वेल' असं मूळ क्रियापद आहे पण ते असं मोकळं फार कमी दिसतं, 'आय विल बिज्वेल माय सारी' असं बोलताना मी कुणाला ऐकलं नाही, नव्व्याण्णव वेळा ईडीवालं रूपच भेटतं. पायातल्या चपलेला, तलवारीच्या मुठीला, कंगव्याला, मोबाईलच्या कव्हरला, मुकुटाला, बोटांना चालतो. बोटांना फार छान चालतो, 'बिज्वेल्ड फिंगर्स' म्हणजे बोटभर अंगठ्या, आपल्याकडं राहू, केतू, शनी सगळ्यांचे खडे घातलेले काका असतात ना, त्यांच्यासाठीच बनलेला शब्द.

जरा हात साफ करून घ्या. सोन्याच्या ताटाला? नाही. मोती लावलेल्या मुंडावळ्यांना? चालेल. टिकल्या लावलेल्या ओढणीला? नाही, ती 'सीक्विन्ड'. लग्नातल्या घोड्याला, ज्याच्या कपाळावर मोत्याखड्यांचा साज आहे? हो, आणि घोड्याला शोभतो पण. झेंडूच्या माळा घातलेल्या ट्रॅक्टरला दसऱ्याला? बिडेक्ड, मघाशी सांगितलंय. पोळ्याच्या बैलाला? शिंगं रंगवलेली, झूल, बाशिंग, गळ्यात घुंगरमाळ, खडा एकही नाही, तरी माझा हात बिज्वेल्डकडंच जातो, कारण बैल त्या दिवशी वस्तू नसतो, घरातला माणूस असतो, आणि माणसाचा नियम वेगळा.

ती जांभळी पैठणी शेवटी पुढच्या वर्षी विकली गेली. खाली मी लिहिलं होतं, 'अ ज्वेल-टोन्ड, हँडवोव्हन पैठणी इन डीप पर्पल, विथ अ झरी पल्लू ऑफ पीकॉक्स. नो स्टोन्स.' शेवटचे दोन शब्द मामांनी घालायला लावले.